‘खडी’चं गाणं आणि माझा गेलेला आवाज

७ फेब्रुवारी २०२५

आजपासून बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. कुजबुजणं तर जास्त वाईट, असं डॉक्टर म्हणाले. मग माणसानं करायचं काय? म्हणून ही वही. शिकवणीच्या पोरांसाठी आणलेल्या गठ्ठ्यातली एक काढून घेतली.

सकाळी आमच्या बँडच्या रामहरीच्या गाडीवर परभणीला गेलो. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. माझा आवाज जिथून निघतो ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि दोन्हींवर समोरासमोर ज्वारीच्या कण्यांएवढ्या गाठी.

“ओरडता का फार?” डॉक्टरांनी विचारलं.

“साहेब, ती रॉक गाती,” रामहरी म्हणाला.

डॉक्टरांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सकाळी सातवी-आठवीच्या पोरांवर ओरडायचं आणि संध्याकाळी माइकवर. गळा तरी किती सोसणार?

आधी पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम, मग पुन्हा तपासणी. मी औषधं घ्यायला खाली उतरले तेव्हा रामहरी वर डॉक्टरांशी बोलत थांबला. आला तेव्हा डोळे लाल. त्याच्या शेतात हळद शिजवणं चालू आहे, धूर डोळ्यांत जातो म्हणाला. मोबाइलवर लिहून विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? “काय न्हाई. तुला गप बसव म्हणले.” परत येताना पूर्णेपर्यंत एक शब्द बोलला नाही. जणू त्यालाच मौन सांगितलंय.

९ फेब्रुवारी

‘खडी’ म्हणजे आम्ही तिघं. रामहरी गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं तोच करतो. बुद्धभूषण ड्रम वाजवतो. त्याचं मंडपाचं दुकान आहे, त्यामुळं स्पीकर फुकट. मी गाते आणि शब्द लिहिते. पूर्णेत जन्मलेल्या माणसाला रुळांखालची खडी वेगळी सांगावी लागत नाही, म्हणून हे नाव. सराव रामहरीच्या शेतातल्या आखाड्यावर. पत्र्याच्या खोलीला आतून जुन्या गोधड्या ठोकल्यात. बाहेर त्याच्या वडलांची, किशनराव काकांची, म्हैस.

पुण्याची एक छोटी कंपनी आमची पहिली चार गाणी २५ एप्रिलला काढणार आहे. तीन तयार आहेत. चौथं, रेल्वेच्या फाटकावरचं ‘गेट पडलं’, ज्याच्यासाठी त्यांनी आम्हाला घेतलं, त्यातला आवाज राहिलाय. सगळ्यांना त्याचं ध्रुपद तोंडपाठ आहे:

गेट पडलं, थांब म्हणलं, थांबलो आमी
गाडी गेली, धूळ गेली, ऱ्हायलो आमी

शेवटचं ‘ऱ्हायलो आमी’ मी वरच्या पट्टीत, मानेच्या शिरा फुगेपर्यंत ओरडते. म्हणजे ओरडायचे. तिथंच आवाज फाटला.

आवाज येणार. दहा एप्रिलच्या आत गाणं पाठवायचंय आणि मीच गाणार आहे. लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी

शिकवणी बंद. गळ्यात पाटी अडकवून फिरते. दूधवाला मला बहिरीही समजायला लागलाय, माझ्याशी हातवारे करून बोलतो.

घरात मी आणि माय, दोघीच. बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर मायला रनिंग रूममध्ये घेतलं. लांबून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड तिथं झोपतात. कुणी पहाटे येतं, कुणी दुपारी, त्यामुळं तिथं कायम कुणीतरी झोपलेलं असतं. माय स्वयंपाक करते, उठवायची वेळ झाली की उठवते. भांडं वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून तिचा आवाज असाच, शेजारच्यालाही ऐकू न जाणारा. लहानपणी शाळेतून आले की मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलायला पाहिजे, असं वाटायचं.

आज ती म्हणाली, “तुला बोलू नको म्हणलंय, मला न्हाई. पण मीबी गप बसायलेय बग. कुणाशी बोलू?”

मी पाटीवर लिहिलं, ‘माझ्याशी बोल.’

“काय बोलू?” म्हणाली, आणि मेथी निवडत बसली.

२३ फेब्रुवारी

पुण्याहून मेसेज. गाण्यांसोबत छापायला एक परिच्छेद पाहिजे, ‘तुमच्यावर कोणाचे प्रभाव आहेत’. गाता येत नाही तर लिही, असं म्हणून दोघांनी तो माझ्या गळ्यात मारला.

पाटी घेऊन आखाड्यावर गेले. आधी रामहरीला विचारलं.

“बाजारात मोबाइलचं दुकान होतं बग, मेमरी कार्डात गाणे भरून द्यायचे. मी म्हणलं, नवे पिच्चरचे भरा. त्यानं गडबडीत कुणाचातरी इंग्रजी फोल्डर टाकला. घरी येऊन लावलं तर निस्ता धडधडाट. बदलून घ्यायला परत जायला पैसे नव्हते, तेच ऐकलं. चार महिने. नंतर बदलून देतो म्हणला तरी दिलं न्हाई.”

बुद्धभूषण म्हणाला, “माझं लिहिणं सोपं हाय. माझा बाप.” त्याचे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, बाबासाहेबांची गाणी गात गावोगाव जायचे. “जयंतीच्या दिवसात झोप आली की मी ढोलकीच्या खोक्यात झोपायचो. आता ड्रम वाजवतो तवा माझा डावा हात त्यांचाच असतो. उजवा मी मोबाइलवर बघून शिकलो.”

किशनराव काका हळद उलटीपालटी करत होते. तिथूनच म्हणाले, “माझंबी लिहा. मी म्हैस तिकडं बांधली म्हणून तुमाला खोली भेटली.”

माझं मलाच सुचेना. ज्या परदेशी बायकांची गाणी ऐकून मी ओरडायला शिकले त्यांची नावं लिहिली. वाचली. खरी होती, तरी खोडली.

३ मार्च

तपासणी. गाठी लहान झाल्यात, गेल्या नाहीत. आता आवाजाचे व्यायाम. शिकवणाऱ्या राजेश्री मॅडम माझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून दिली आणि म्हणाल्या, “यात फुंकत गुणगुणा. बुडबुडे आले पाहिजेत, गळ्यावर जोर आला नाही पाहिजे.”

इतक्या दिवसांनी पहिला आवाज निघाला तो पाण्यातून. म्हशीसारखा.

“पहिल्यासारखा होईल ना?” हे माझं पहिलं वाक्य.

मॅडम म्हणाल्या, “चांगला होईल.” त्यांनी ‘पहिल्यासारखा’ म्हटलं नाही, हे मला बसमध्ये लक्षात आलं.

९ मार्च

रामहरीनं आज बोलावून हेडफोन दिले. “ऐक. आधी ऐक, मग शिव्या दे.”

‘गेट पडलं’ होतं. पूर्ण. आणि मी गात होते.

हे गाणं मी अजून रेकॉर्डच केलं नव्हतं. त्यानं कॉम्प्युटरला माझा आवाज शिकवलाय. आता तो कॉम्प्युटर काहीही माझ्या आवाजात गातो. वरच्या पट्टीत ‘ऱ्हायलो आमी’ असं गेलं की माझ्याच अंगावर काटा आला. कुठं फाटलं नाही, कुठं धाप नाही. माझ्यापेक्षा चांगली मी.

“शिकवायला काय दिलंस?” मी बारीक आवाजात विचारलं. दिवसातून थोडंच बोलायची परवानगी आहे.

त्यानं फोल्डर उघडून दाखवलं. सहा-सात वर्षांचं सगळं होतं त्यात. गाणी समजू शकते. पण मी चहा मागतेय, मी म्हशीला हाकलतेय, बुद्धभूषणवर ओरडतेय, नुसती हसतेय, हे कशाला ठेवायचं? किती जागा अडते!

“डेटा लागतो,” तो म्हणाला. मान वर केली नाही त्यानं.

“पाठवायचं नाही हे. मी गाईन.”

“आन न्हाई गाता आलं तर?”

“गाईन म्हणलं ना.”

“मी निस्तं ठेवलंय, प्रियांका. असू दे म्हणून. कुठंतरी असावं म्हणून.” गिटारवाल्यांना बॅकअपचं फार वेड.

११ मार्च

मोबाइलवर तेच गाणं ऐकत होते. हे आपण कसं गाऊ शकतो, हे शोधत होते. माय ड्युटीवरून आली, दारातच थांबली. पूर्ण ऐकलं. मग जवळ येऊन माझ्या गळ्यावर हात ठेवला.

“मोकळा झाला की गं गळा! कवा गायलीस? मला सांगितलं न्हाई.”

मी सांगितलं, हे मी नाही, मशीन आहे. तिला कळेना. पुन्हा सांगितलं. तिनं हात काढून घेतला आणि पदरानं तो हात पुसत राहिली, काही लागल्यासारखा.

“मला कसं वळखू आलं न्हाई?” म्हणाली. जेवली नाही.

मीही नाही जेवले. मायलाच फरक कळला नाही, तर पुण्यातल्या माणसाला काय कळणार? आणि कळत नसेल तर मी एवढे बुडबुडे कशासाठी काढतेय? खरं सांगायचं तर आज वाटलं, जाऊ द्यावं ते गाणं तसंच. लोक वाहवा करतील. मी शिकवणी घेईन.

१६ मार्च

व्यायाम सोडले नाहीत. उलट वाढवले. मशीनला व्यायाम करावे लागत नाहीत, मला लागतात, बस.

सकाळी ओट्याशी उभी राहून बुडबुडे काढत होते. माय भाकरी थापत होती. थोड्या वेळानं माझ्या गुणगुणण्याखाली आणखी एक सूर ऐकू आला. माय. तोंड बंद, भाकरी चालू. मी थांबले तर तीही थांबली.

“गा की,” मी म्हटलं.

“मी कुठं गायलेय? रनिंग रूममदी कामाला हात लागला की निघतं आसंच. झोपलेल्याला कळू न देता.”

मी पुन्हा सुरू केलं. तिनंही. तिचा सूर खाली होता, इतका खाली की मी तिथं कधी गेलेच नव्हते. गेले. गळ्याला काही झालं नाही. छातीत मात्र भांड्यासारखं घुमलं. भाकरी करपली.

२४ मार्च

आज आमच्या ग्रुपवर पुण्याच्या कंपनीतल्या बाईंचा मेसेज आला. ‘गेट पडलं ऐकलं. अप्रतिम! प्रियांकाचा आजवरचा सर्वोत्तम आवाज. हेच फायनल करतोय.’

तीन वेळा वाचला. मग रिक्षानं आखाड्यावर.

“पाठवलंस तू.”

रामहरी गिटारीच्या तारा बदलत होता. “तारीख हातची जाईल म्हणून. तुझं झालं की बदलणारच होतो.”

“मला न विचारता?”

“तुला बोलायची बंदी होती.”

“पाटी होती!”

एवढं मोठ्यानं निघालं की गळ्यात सुई गेल्यासारखं झालं. रामहरी उठून पाणी घेऊन धावला. मी घेतलं नाही. बुद्धभूषण स्टुलावर बसला होता. तो रामहरीच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेत म्हणाला, “हे चुकलंच तुझं, रामहरी. माझ्या बापाची ढोलकी मी कुणाला हात लावू देत न्हाई, आन तू हिचा गळाच काढून पाठवला.”

रामहरी म्हणाला, “तुला म्हाईत न्हाई डॉक्टर काय म्हणले ते.”

“काय म्हणले?” मी विचारलं.

तो पुन्हा गिटारीच्या तारा ओढायला लागला. बुद्धभूषण आधी त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मग हळूच खोलीबाहेर गेला. माझ्या बाजूनं भांडता भांडता मधेच पळाला, हे मला आवडलं नाही.

डॉक्टर काय म्हणाले असतील, ते मी घरी येताना ओळखलं. कदाचित येणारच नाही, असं म्हणाले असतील. बरं झालं मला सांगितलं नाही. पण तरी पाठवायला नको होतं. दोन्ही खरं आहे.

२७ मार्च

ठरलं. लिहून ठेवते म्हणजे उद्या बदलणार नाही.

मशीनकडं माझा जुना आवाज आहे. तो त्याला घेऊ दे. नवा माझ्याकडं आहे, आणि तो अजून कुणी ऐकलेला नाही. मी त्या मशीनशी वरच्या पट्टीत शर्यत लावत बसले तर हरणारच. ‘गेट पडलं’ मी खाली गाणार. शेवटचं ‘ऱ्हायलो आमी’ सगळ्यात खाली. गिटार आणि ड्रम कितीही गरजू देत, मी त्यांच्याखालून जाणार. रनिंग रूममधून माय जाते तशी.

रामहरीला फोन करून सांगितलं. म्हणाला, “रॉकमदी आसं कुणी करत न्हाई.” मग लगेच, “करू.” त्यानंच पुण्याला मेल केली. ते गाणं प्रियांकानं गायलेलं नाही, मी कॉम्प्युटरवर बनवलंय, तिला विचारलं नव्हतं, माघारी घेतो, असं सरळ लिहिलं. मला आधी वाचून दाखवली. त्या बाई फोनवर त्याला बरंच बोलल्या. तो नुसता हो हो करत होता. शेवटी ठरलं, नवं गाणं दहापर्यंत पाठवा. आवडलं नाही तर तीनच गाणी निघतील. मशीनचं कुठल्याही परिस्थितीत नाही, ही अट मी घातली. ज्या गाण्यासाठी घेतलं तेच गेलं तरी चालेल.

तीन गाण्यांत ‘गेट पडलं’ नसेल, हे लिहून परत वाचलं. तरी चालेल.

६ एप्रिल

रेकॉर्डिंग. आज रामनवमी, त्यामुळं पूर्णेत मिरवणुकीचे स्पीकर. दुपारचं शांत होईपर्यंत थांबलो.

पहिल्यांदा गायले तर आवाज ड्रमखाली गाडला गेला. दुसऱ्यांदाही. बुद्धभूषणनं काड्या ठेवल्या. “मी तुझ्या अंगावर बसायलोय. थांब.” गायन पार्टीत गाणारा खाली आला की त्याचे वडील काय करायचे, ते त्यानं आठवून पाहिलं आणि उजवा हात जवळजवळ बंद केला. नुसता डावा. रामहरीनं गिटार तशीच मोठी ठेवली, पण माझा शब्द आला की तार दाबून धरायची.

मग गायले. शेवटच्या ओळीला गळ्यातून नाही, पायांपासून काहीतरी निघालं. ‘ऱ्हायलो आमी.’ आवाज थोडा खरखरला. गाठींची खूण असेल. श्वास घेतला तेही ऐकू येतंय.

“परत घ्यायचं का?” मी विचारलं.

रामहरी पाठमोरा होता. “न्हाई,” म्हणाला. डोळे चोळत होता. हळद तर केव्हाच शिजून वाळून झाली. धुळीची ॲलर्जी असेल त्याला, दाखवायला पाहिजे.

८ एप्रिल

पुण्याचं उत्तर: ‘हे गाणं आधीच्यापेक्षा विचित्र आहे. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. घेतलं.’

बुद्धभूषणनं दुकानासमोर मंडपाचे बांबू वाजवले.

१७ एप्रिल

तपासणी. एक गाठ गेली, दुसरीची नुसती खूण उरलीय. वरची पट्टी पूर्वीसारखी मिळायची नाही, असं डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं. एका महिन्यापूर्वी रडले असते.

राजेश्री मॅडम म्हणाल्या, “तुमच्यासोबतचे ते गृहस्थ, रोज संध्याकाळी फोन करायचे बरं का मला. आज किती वेळ बोलली, दुखलं का, पाणी पिते का. आता सुटले मी.”

रामहरीला गाण्याच्या तारखेची किती काळजी होती, ते मला आज कळलं. आम्ही उगाच त्याला बेफिकीर समजतो.

२५ एप्रिल

निघालं!

प्रभावांचा परिच्छेद अखेर असा छापला: ‘गिटार: चुकून भरलेलं एक मेमरी कार्ड. ड्रम: डावा हात गायन पार्टीचा, उजवा स्वतःचा. आवाज: सगुणाबाई, रनिंग रूम, पूर्णा जंक्शन. खोली: किशनराव आणि म्हैस.’

माय संध्याकाळी चिडूनच आली. “माझं नाव कामून टाकलं? सोलापूरचा ड्रायव्हर मला म्हणला, सगुणाबाई, तुमी गाता म्हणे! उठायच्या वेळी चहा ठेवायला गेले तर चौघं उठून बसलेले. मोबाइलवर तेच लावायले.”

“मग तू काय म्हणलीस?”

“म्हणलं, हळू लावा, पलीकडं माणसं झोपलेत.” मग चपला काढत म्हणाली, “ह्या टायमाला वळखलं मी. पहिल्या शब्दाला.”

कमेंट वाचल्या. एकानं लिहिलंय, ही बाई गाते की धमकी देते? रामहरीनं त्याला हृदय पाठवलं.

११ मे

पुण्याच्या कंपनीनं रामहरीला नोकरी दिली होती. तिथल्या स्टुडिओत मिक्सिंग, राहायची सोय, चांगला पगार. किशनराव काकांनी गावभर पेढे वाटले. मीच त्याला म्हटलं होतं, जा, नाहीतर जन्मभर म्हैस बघत बसशील. गेला. आठवडाही झाला नाही, आज सकाळी नांदेडच्या गाडीनं परत.

“काय झालं?”

“पुण्याचं पाणी बाधतं.”

“एवढ्यासाठी नोकरी सोडली? फिल्टरचं प्यायचं की!”

बुद्धभूषण इतका हसला की खुर्चीवरून घसरला. “तू शब्द लिहितीस ना गं आमच्या बँडचे?” म्हणाला. त्याचा आणि पाण्याचा काय संबंध, देव जाणे. मग दुकानात काम आहे म्हणून निघूनही गेला. अजून सरावही व्हायचा होता.

नवं गाणं सुरू करायचंय. शब्द नाहीत, चाल नाही, पण पावसाळ्याच्या आत दोन तयार करायचीच, मी ठरवलंय. रामहरीनं माइक लावला, हेडफोन चढवले, समोर बसला.

“काय गाऊ?” मी विचारलं.

“काहीबी. निस्तं बोल.”

मग बोलत बसले. शिकवणीच्या पोरांचं, मायचं, सोलापूरच्या ड्रायव्हरचं, पाण्याचं. लय वेळ बोलले. मधे एक ओळही चांगली सुचली होती. शेवटी म्हटलं, आता ऐकव ती ओळ.

तो रेकॉर्डिंगच्या मशीनकडं बघायला लागला. एवढा गेला पुण्याला शिकून, आणि बटण दाबायचंच विसरला होता.